गिलाव्याच्या भिंतीवर जड वस्तू टांगताना

मोठा आरसा, लाकडी देवघर किंवा चौकटीत बसवलेले सोलापुरी वॉल हँगिंग भिंतीवर टांगताना सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की वजन गिलावा पेलत नाही, तर त्यामागची वीट किंवा दगड पेलतो. घराच्या आतल्या बाजूचा सिमेंटचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात हातोडीने ठोकलेल्या खिळ्यावर कॅलेंडर राहते, पण जड आरसा राहत नाही, कारण ठोकतानाच खिळ्याभोवतीच्या गिलाव्याचा भुगा झालेला असतो.

म्हणून आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाहावी. जिथे पोकळ आवाज येतो किंवा लोणा लागून पापुद्रे सुटले आहेत, तिथे काहीही टांगू नये. तो गिलावा काढून नवा करावा किंवा दुसरी जागा निवडावी. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भिंतीतून वायरी गेलेल्या असण्याची शक्यता असते, तर न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत पाण्याचे पाइप असू शकतात. या जागा टाळाव्यात आणि छिद्र पाडण्यापूर्वी मेन स्विच बंद करता येत नसेल, तर अधिकच अंतर ठेवावे.

छिद्र पाडताना बाहेर येणारी पूड काळजीपूर्वक पाहावी, कारण भिंत आतून कशाची आहे हे तीच सांगते. आधी राखाडी आणि मग तांबडी पूड आली, तर ड्रिल विटेत शिरले आहे. तिथे ८ मिलिमीटरचे बिट (ड्रिलचे टोक) आणि त्याच मापाची प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे छिद्रात बसवून स्क्रू धरून ठेवणारी नळी, पुरते. तांबडी पूड न येता राखाडीच येत राहिली आणि बिट सहज आत गेले, तर ते दोन विटांमधल्या सांध्यात आहे. चार-पाच सेंटिमीटर सरकून दुसरे छिद्र पाडावे. पेठांमधल्या जुन्या दगडमातीच्या घरांत काळसर पूड येते आणि ड्रिल मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकते, कारण दख्खनमधला काळा पाषाण अतिशय कठीण आहे. तिथे साधे ड्रिल रेटून बिट जाळण्यापेक्षा रोटरी हॅमर (फिरता-फिरता जोरात ठोके देणारे ड्रिल) भाड्याने आणावा आणि बिट मधूनमधून बाहेर काढून थंड होऊ द्यावे. मातकट पूड येऊन बिट एकदम आत गेले, तर ते दगडांमधल्या मातीच्या सांध्यात आहे आणि तिथली गिट्टी आज ना उद्या निघतेच. नव्या इमारतींतल्या एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) पूड पांढरी आणि हलकी असते. तिथे ड्रिलची ठोके देण्याची सोय बंद ठेवून नुसते फिरवून छिद्र पाडावे आणि ब्लॉकसाठी मिळणारी खास गिट्टीच वापरावी.

गिट्टी गिलाव्यात अडकून न राहता पूर्णपणे विटेत बसली पाहिजे. ४० मिलिमीटरच्या गिट्टीसाठी छिद्र सुमारे ६० मिलिमीटर खोल असावे; तेवढ्या अंतरावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. आतली पूड फुंकून पूर्ण काढावी, कारण पूड राहिलेल्या छिद्रात गिट्टी घट्ट धरत नाही. स्क्रूची लांबी ठरवताना हुकाची किंवा पट्टीची जाडी, गिलाव्याची जाडी आणि गिट्टीची लांबी या तिन्हींची बेरीज करावी.

रुंद वस्तू एका हुकावर न टांगता समान उंचीच्या दोन हुकांवर टांगावी. चौकटीमागची तार एकाच हुकावर घ्यावीच लागली, तर ती फार ताणून आडवी ठेवू नये: आडव्या रेषेशी तिचा कोन ३० अंश असला, तर तारेच्या प्रत्येक बाजूवर वस्तूच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो आणि कोन त्याहून कमी झाला की ताण आणखी वाढतो.

गीझर मात्र गिट्टीच्या भरवशावर सोडू नये. १५ लिटरच्या गीझरमधल्या नुसत्या पाण्याचेच वजन १५ किलो असते, त्यामुळे भक्कम विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर (छिद्रात फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट) बसवूनच तो लावावा. वस्तू कोणतीही असो, ती चढवण्याआधी हुक हाताने जोर लावून खाली आणि बाहेर ओढून पाहावा. तो किंचितही हलला, तर स्क्रू आणखी आवळत बसण्याऐवजी छिद्राची जागा बदलावी.