आयबीडीचं औषध नेमका कुठला सिग्नल बंद करतं, हे कसं समजून घ्यायचं

आयबीडी म्हणजे आतड्याची जुनाट सूज, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे तिचे दोन मुख्य प्रकार. आधी एक सांगते, रक्ताच्या रिपोर्टमध्ये सायटोकाइन शोधत बसू नका. क्रोन्स असो की अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्यातल्या इम्यून पेशी ज्या प्रोटीनमधून एकमेकींना निरोप देतात ती सायटोकाइन, पण टीएनएफ किंवा आयएल-२३ अशी सायटोकाइन मोजून औषध ठरवायची पद्धत रोजच्या प्रॅक्टिसमध्ये नाहीये. बघायचं रक्तातलं सीआरपी हे सूज दाखवणारं प्रोटीन, कारण आयएल-६ या सायटोकाइनचा निरोप लिव्हरला पोचला की लिव्हर ते बनवतं, आणि स्टूलमधलं कॅलप्रोटेक्टिन, जे आतड्यात घुसलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधून येतं. ते कॅलप्रोटेक्टिन २५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक सूज चालू आहे असं धरतात. सीआरपी एकटं नॉर्मल आलं म्हणून लगेच खूश व्हायचं नाही, कोलायटिसमध्ये तर ते बरेचदा फसवतं.

मग प्रिस्क्रिप्शन काढा. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब असेल तर टीएनएफ अडवलाय. उस्टेकिनुमॅब आयएल-१२ आणि २३ दोन्ही अडवतं कारण दोघांत पी४० हा तुकडा सारखाच असतो, रिसँकिझुमॅब आणि मिरिकिझुमॅब फक्त २३ ला धरतात. टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब या गोळ्या पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जेएके एन्झाइमवर काम करतात, म्हणजे एकदम बरेच सिग्नल मंद होतात. वेडोलिझुमॅब यात बसतच नाही, ते पेशींना आतड्यात शिरण्यापासून थांबवतं.

जास्त सिग्नल बंद म्हणजे जास्त फायदा असं मात्र अजिबात नाही. आयएल-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब क्रोन्समध्ये वापरून बघितलं तर उलट काहींचा आजार वाढला, कारण १७ आतड्याचं अस्तर सांभाळायलाही लागतं. हे औषध सोरायसिस आणि काही सांधेदुखीत देतात, त्यामुळे त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आतड्याचं दुखणं आधी सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

टीएनएफ अडवणारं औषध सुरू करण्याआधी टीबीची टेस्ट, छातीचा एक्स-रे आणि हेपटायटिस बीची टेस्ट झालीच पाहिजे. दबलेले टीबीचे जंतू गाठीत कोंडून ठेवायला हाच टीएनएफ लागतो, तो काढला की ते सुटतात. लाइव्ह म्हणजे जिवंत जंतूंच्या लसींचंही आधीच विचारून घ्या.

आता खरा घोळ होतो तो औषध चालेनासं झाल्यावर. इन्फ्लिक्सिमॅब ०, २, ६ आठवड्यांना आणि मग दर ८ आठवड्यांनी असतं, त्यात डोसनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुलाब, रक्त परत सुरू झालं तर तारीख लिहून ठेवा आणि स्टूलमध्ये सी. डिफिसाइल इन्फेक्शन नाही ना ते आधी बघून घ्या. नसेल तर पुढच्या डोसच्या लगेच आधी ट्रफ लेव्हल (रक्तात उरलेलं औषध) आणि औषधाविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट करायची का ते विचारा. लेव्हल कमी आणि अँटीबॉडी भरपूर असतील तर शरीरच औषध फेकून देतंय, तेव्हा टीएनएफचंच दुसरं औषध चालू शकतं. लेव्हल चांगली असूनही कॅलप्रोटेक्टिन चढलेलं असेल तर सूज बहुधा दुसऱ्याच सिग्नलवर चालू आहे, अशा वेळी त्याच टीएनएफच्या गटातलं पुढचं इंजेक्शन लिहून मिळालं तर गट का बदलत नाही हे सरळ विचारा, आणि तोवर चालू डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका.