चर्चतर्फे मदतकार्याला जायचंय? मग निघायच्या आधी हे वाचा

जुलै लागला की दरवर्षी तेच, टीव्हीवर पुरात बुडालेलं चिपळूण नाहीतर महाड दिसलं की यूथच्या ग्रुपवर "टेम्पो काढूया का" सुरू होतं, आणि रविवारची भक्ती संपेस्तोवर चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या कपड्यांचा ढीग लागलेला असतो. भावना चांगलीच आहे हो, पण त्या ढिगात जरीच्या साड्या आणि कॉलर फाटलेले शर्टच जास्त, आणि ते निवडता निवडता महिला मंडळातल्या मावश्यांची कंबर जाते. त्यामुळे कपडे गोळा करूच नका. अगदी कुणी ऐकतच नसेल तर नवे आतले कपडे, टॉवेल, चादरी, सॅनिटरी पॅड, बस्स.

आधी फोन करायचा. तिथल्या मंडळीच्या पाळकांना, पॅरिशच्या फादरना, नाहीतर तहसीलदार ऑफिसच्या कंट्रोल रूमला, आणि सरळ विचारायचं की काय हवंय, किती हवंय आणि कधी यायचं. चर्चच्या मदतसंस्था हेच काम करतायत, कासा १९४७ पासून आणि कॅरिटास इंडिया १९६२ पासून, त्यांच्याकडे याद्या असतात, माणसं असतात, त्यामुळे स्वतःचा वेगळा झेंडा लावण्यापेक्षा त्यांना जोडून घेतलेलं केव्हाही बरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, कोल्हापूरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या, अशा वेळी न विचारता निघालेला टेम्पो म्हणजे त्या रांगेत अजून एक गाडी. तांदूळ-डाळ पण शक्य तर तिकडच्याच जवळच्या बाजारातून घ्या, भाडं वाचतं आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा होतो.

पाणी चढलेलं असताना काम एनडीआरएफचं आणि गावातल्या पोहणाऱ्या पोरांचं. आपलं काम पाणी उतरल्यावर, आणि ते काम म्हणजे चिखल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा नंतर लोकांना सगळ्यात जास्त गरज हातांची होती. गाळ ओला आहे तोवरच निघतो, दोन-तीन ऊनं लागली की लादीला असा धरतो की पहारीनं खरवडावा लागतो. फावडी, घमेली, खराटे, लांब दांड्याचे वायपर आणि गमबूट इथूनच घेऊन जा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घाऊकात स्वस्त पडतात, तिकडे त्या आठवड्यात मिळतीलच असं नाही.

पण घरात शिरल्या शिरल्या फावडं मारायचं नाही. आधी विचारा पंचनामा झाला का. तलाठी येऊन गेले नसतील तर भिजलेलं धान्य, फ्रिज, गाद्या, भिंतीवरची पाण्याची रेघ, सगळ्याचे फोटो घरच्यांच्याच मोबाईलवर काढा आणि घरातल्या बाईला विचारल्याशिवाय काहीही बाहेर फेकू नका, कारण नुकसानभरपाई त्यावरच ठरते. आपण उत्साहात घर चकाचक करून दिलं आणि नंतर दाखवायला काही उरलंच नाही, असं व्हायला नको. मेन स्विच बंद आहे ना बघा. कपाट, माळा, लाकडांच्या मागे थेट हात घालू नका, काठीनं हलवून बघा, साप असतात. रेशनकार्ड, सातबारा वगैरे चिकटलेले कागद ओढून सोडवायचे नाहीत, सावलीत पसरून ठेवा, हळूहळू सुटतात.

तब्येतीचं म्हणाल तर लेप्टो, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणारा ताप, हा मुख्य धोका, मुंबईकरांना सांगायला नको. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, लेप्टो टाळायची डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्यायची का ते निघायच्या आधी डॉक्टरला विचारा. पाणी आणि जेवण आपलं आपण न्या, छावणीतल्या पंगतीत बसू नका.

आता नाजूक विषय. तांदळाच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका टाकायची नाही, बॅनरसमोर लोकांना उभं करून फोटो काढायचे नाहीत. मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेडक्रॉसची १९९४ ची आचारसंहिता आहे, धर्म बघून मदत नाही आणि मदतीआडून धर्माचा प्रचारही नाही, असं तिच्यात स्पष्ट आहे. कुणी स्वतःहून प्रार्थना करा म्हणालं तर जरूर करा. नाहीतर होतं काय, आपण संध्याकाळी गाडीत बसून परत येतो आणि त्याचा त्रास त्या गावातल्या दोन-चार ख्रिस्ती घरांना होतो.

परदेशी मिशनला जायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी आधी असा एखादा पावसाळा चिखलात काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून सगळ्यांना ते सोपं वाटतं, पण तिथे धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, सोबतच्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे. बाकी देशांत टुरिस्ट व्हिसावर चर्चचं काम चालतं का ते वकिलातीकडून विचारून घ्या, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. केनिया-युगांडाकडे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, तीही सरकारमान्य सेंटरमध्येच, कारण ते सर्टिफिकेट नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइनमध्ये टाकतात. आणि थोडी तरी तिथली भाषा शिका. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करून जपानी शिकलेला, म्हणून तर मनिलाहून निघालेल्या मिशनऱ्यांनी त्याला दुभाष्या म्हणून सोबत नेलं, पुढे १५९७ ला नागासाकीला तो शहीद झाला.

राहिला पैसा. दुबई-अमेरिकेतले नातेवाईक सढळ हातानं देतात, पण परदेशी नागरिक किंवा तिकडच्या चर्चचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय चर्चला घेता येत नाहीत, आणि कुणाच्या तरी सेव्हिंग अकाउंटवर मागवून चर्चला द्यायचे हा मार्ग तर अजिबात नको. इथले लोक देणार असतील तर शक्यतो ऑनलाइन घ्या, २,००० च्या वरच्या रोख देणगीला आयकरात सूट मिळत नाही. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी टेम्पोच्या भाड्यापासून वायपरपर्यंतचा सगळा हिशोब पावत्यांसकट नोटीस बोर्डावर लावा, उरलेले पैसे कुठल्या खात्यात ठेवलेत तेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारायला येत नाही.