वाफेच्या लाइनवरचा डीपी ट्रान्समीटर आयसोलेट (लाइनपासून वेगळा) करताना
ओरिफिस प्लेटच्या (लाइनमधल्या भोकाच्या चकतीच्या) दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकावरून (डीपी) वाफेचा प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्समीटरला हात लावण्यापूर्वी वर्क परमिट घ्यावे, आणि कंट्रोल रूमने लूप (त्या सिग्नलवर चालणारे स्वयंचलित नियंत्रण) मॅन्युअलवर घेतला आहे व त्या सिग्नलवरचा ट्रिप (यंत्रणा आपोआप बंद करणारे संरक्षण) मंजुरीने बायपास केला आहे, याची खात्री करावी. टॅग नंबर जागेवर पुन्हा वाचावा. शेजारचे ट्रान्समीटर दिसायला सारखेच असतात.

तीन व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डवर (ट्रान्समीटरला जोडलेल्या व्हॉल्व्हच्या संचावर) आधी हाय (जास्त दाबाच्या) बाजूचा व्हॉल्व्ह बंद करावा, मग दोन्ही बाजू जोडणारा मधला इक्वलायझिंग व्हॉल्व्ह सावकाश उघडावा आणि शेवटी लो (कमी दाबाच्या) बाजूचा बंद करावा. हा क्रम मोडून तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले, तर हाय बाजूचे पाणी लो बाजूकडे वाहते, कंडेन्सेट पॉट (वाफेचे थंड झालेले पाणी धरून ठेवणारे भांडे) रिकामे होते आणि गरम वाफ थेट कॅप्सूलपर्यंत (ट्रान्समीटरच्या दाब मोजणाऱ्या भागापर्यंत) पोहोचू शकते. क्रम नीट पाळला असेल, तर आउटपुट 4 मिलिअँपिअरच्या, म्हणजे शून्य फरकाच्या, आसपास दिसते.

दाब मात्र अजून आत कोंडलेला असतो. म्हणून फेस शील्ड व हातमोजे घालून, बाजूला उभे राहून व्हेंट स्क्रू किंचित सैल करावा. धार ओसरून थांबली तर ठीक. चालूच राहिली तर व्हॉल्व्ह पासिंग आहे (बंद असूनही गळतो), तेव्हा स्क्रू आवळून रूट व्हॉल्व्ह (मुख्य लाइनलगतचे व्हॉल्व्ह) बंद करावेत आणि पुन्हा व्हेंट करून पाहावे. तोवर मॅनिफोल्डचे बोल्ट सोडू नयेत.