जुने कपडे गावात वाटायचे आहेत? मग ढीग घालू नका

कपडे गोळा करायला फार अक्कल लागत नाही. दिवाळीच्या साफसफाईत बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूर, अनगोळमधल्या ओळखीच्या घरी सांगून ठेवा, खोली भरते. धुतलेले आणि बटण-चेन शाबूत असलेलेच घ्या. आतले कपडे मात्र नवे विकत आणा.

निवडताना गाव डोळ्यांसमोर ठेवा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जीन्स दिवसेंदिवस वाळत नाही. तिथं टेरिकॉटची पँट चालते. पुरुषांचे फुल शर्ट कितीही येऊ देत. बायका शेतात साडीवर तेच घालतात, कारण उसाचं पातं हात चिरतं. म्हाताऱ्यांसाठी नऊवारी शोधा, पाचवारी दिली की ती सुनेकडे जाते. विटकी, फाटकी सुती साडीही टाकू नका, वाकळ शिवायला तिच्यासारखं कापड नाही. भरजरी लेहेंगे आणि शेरवान्या देणाऱ्याला तिथल्या तिथं परत करा. तो रागावला तर रागावू दे.

आता वाटप. इथंच सगळे घोळ होतात. देवळापुढं ताडपत्री अंथरून ढीग ओतला, की तरणी पोरं पुढं, म्हाताऱ्या मागं, आणि अर्ध्या तासात चिखलात तुडवलेल्या साड्या. घरागणिक बांधलेल्या पिशव्या हा दुसरा वेडेपणा: शर्ट कुणाच्या मापाचा, परकर कुणाचा, काहीच जुळत नाही. मी सांगतो तसं करा. आठवडाभर आधी अंगणवाडीच्या ताईंकडून किंवा आशाताईंकडून घरांची यादी घ्या. बाळंतीण कोणत्या घरात, एकटी म्हातारी कुठं राहते, हे त्यांना तोंडपाठ असतं. यादी पुढाऱ्याकडून घेतलीत तर त्याचीच माणसं नव्यानं नटतील.

सुट्टीच्या दिवशी, विचारून, शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधा. साड्या दोरीवर, शर्ट बाकांवर मापाप्रमाणे, पोरांचं वेगळं. चिठ्ठ्या देऊन एका वेळी पाच घरं आत घ्या, माणशी दोन कपडे, आणि निवडू द्या. एखादी काकू साडी उजेडात धरून पोत बघेल, पदर उलटा करेल, ठेवेल, दुसरी घेईल. घाई करू नका, मध्ये बोलू नका. ‘फुकटचं आहे, घ्या की’ म्हणणारा कार्यकर्ता दिसला तर त्याला गाडीपाशी उभा करा. परकर-ब्लाऊजच्या खोलीत फक्त बायका. हातात कपडा देतानाचा फोटो काढायचा असेल तर मुळात जाऊच नका. माइक, हार, सत्कार तर नकोतच.

बेळगावच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड येणारं माणूस बरोबर हवं. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कृष्णापूरसारख्या गावांत जायचं तर वन खात्याची परवानगी आधी काढा.

उरलेलं त्याच गाडीनं परत आणा. ‘कुणीतरी नेईल’ म्हणून शाळेच्या कोपऱ्यात ठेवलेलं गाठोडं उंदीर नेतात. उसाचा हंगाम चालू असेल तर हे उरलेले कपडे ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, न्या. अंधार पडल्यावरच जा. ती माणसं पहाटे फडात गेलेली असतात. मुकादमाच्या हातात गठ्ठा देऊ नका. कोपीकोपीत जा, आणि पोरांचे स्वेटर आधी बाहेर काढा.