कोल्हापुरात घर शोधताना: भाड्याआधी पाणी पाहावे

बदली होऊन किंवा नव्या नोकरीसाठी कोल्हापुरात येणारे बहुतेक जण आधी भाडे विचारतात. माझ्या मते आधी पाण्याची चौकशी करावी, आणि तीही दोन्ही अंगांनी: पुराचे पाणी घरापर्यंत येते का आणि नळाला पाणी किती वेळ असते.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग, दुधाळी, सुतारवाडा येथे पाणी शिरले. राजारामपुरी मात्र उंचावर आहे. तरीही अख्ख्या भागावर शिक्का मारू नये, कारण एकाच रस्त्याच्या वरच्या टोकाला कोरडे आणि खालच्या टोकाला कमरेएवढे पाणी असू शकते. म्हणून घरमालकापेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराला "एकोणीसला पाणी कुठंवर आलं होतं?" असे विचारावे, तो बहुधा भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो. मी पाहिलेल्या एका तळमजल्यावर सगळे स्विचबोर्ड खांद्याच्या उंचीला बसवलेले होते, आणि नव्या रंगाखालून ओलीची आडवी रेघ दिसत होती. अशी खूण दिसली तर भाडे कितीही कमी असले तरी वरचा मजलाच मागावा. घर विकत घ्यायचे असेल, तर निळ्या (अधूनमधून येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेचा नकाशा महापालिकेत पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

पाचगाव, आर. के. नगर, कळंबा या बाजूला पुराची धास्ती नाही आणि घरेही तुलनेने स्वस्त मिळतात, पण तेथे नळाला पाणी किती दिवसांआड येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का आणि टँकरचे पैसे कोण भरतो, हे मे महिन्याचा संदर्भ देऊनच विचारावे. समजा, तेथे भाडे ९,००० रुपये आणि राजारामपुरीत १२,००० रुपये आहे. टँकरचा वाटा, मेंटेनन्स आणि रोजचे पेट्रोल मिळवल्यावर फरक हजारावर येत असेल, तर वाचणारा वेळही हिशेबात धरावा.

कामाचे ठिकाण येथे फार महत्त्वाचे ठरते. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नोकरी असेल, तर उजळाईवाडी, सरनोबतवाडी सोयीचे पडते. शिरोली एमआयडीसी मात्र नदीपलीकडे आहे आणि मोठ्या पुरात तेथे महामार्गच पाण्याखाली जातो, हे शहरात घर घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ यांसारख्या जुन्या पेठांत शेजार अतिशय मायेचा असतो, पण चारचाकी लावायला जागा मिळेलच असे नाही.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे "अकरा महिन्यांचाच तर आहे" हे उत्तर स्वीकारू नये. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, रंगाचे पैसे कापले जातील का, आणि पुरात घर सोडावे लागल्यास त्या काळाचे भाडे द्यायचे की नाही, ही तीन कलमे सही करण्याआधी करारात लिहून घ्यावीत.