खान्देशात राहून पोर्ट्रेट फोटोग्राफर कसं व्हायचं
लग्नाच्या ऑर्डरी सोडू नका, घर त्यावरच चालतं, पण पोर्ट्रेटमध्ये, म्हणजे माणसाचा चेहरा-स्वभाव दाखवणाऱ्या फोटोंत, नाव करायचं असेल तर लग्नाच्या अल्बममधले फोटो पोर्टफोलिओत (दाखवायच्या निवडक कामात) कोंबू नका भाऊ. सुरुवातीला महागडा कॅमेरा नको, सेकंडहँड बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि मागचं धूसर करून चेहरा उठवणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स, बास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं अन् डोळ्यांखाली काळे खड्डे येतात, म्हणून माणसाला ओट्यावर नाहीतर दाराच्या आत सावलीत बसवा, तोंड उजेडाकडे, फोकस जवळच्या डोळ्यावर.

चेहरे शोधायला मुंबई कशाला? रावेर-यावलकडचे केळीच्या बागेतले मजूर, जळगावचे सोनार, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आलेले घोडेवाले... पण आधी चहा प्या, गप्पा मारा, विचारून मगच कॅमेरा काढा, आणि नंतर प्रिंट नेऊन द्या, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होऊ नका. एकाच विषयावरचे १५-२० फोटो जमले की त्यांची सिरीज करा.

जाहिरातीला फोटो द्यायचा असेल तर लेखी परवानगी. रेट सांगताना एडिटिंगचे तास धरा आणि अर्धा अ‍ॅडव्हान्स घ्याच, ओळखीतल्यांकडून तर आधी!