जुन्या संगीत नाटकाचं पोस्टर करताय? या चुका टाळा

‘संगीत मानापमान’ पुन्हा रंगमंचावर आणायचं ठरलं की पोस्टर करणाऱ्याचा हात आधी बालगंधर्वांनी साकारलेल्या नायिकेच्या, भामिनीच्या फोटोकडे जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोटो देखणा असतो, पण १९११ची भामिनी आता गाणार नसते. तिकीट काढणाऱ्याला हवं असतं ते हे, की आज नायक धैर्यधर कोण गातोय आणि भामिनी कोण. त्या दोघांचे चेहरे नि नावं लांबून दिसायला हवीत. जुन्या नटांना वंदन कोपऱ्यातल्या छोट्या चित्रानंही करता येतं.

‘कट्यार काळजात घुसली’चा प्रश्न वेगळा. २०१५च्या चित्रपटाचे रंग, पोशाख, शीर्षकाची अक्षरं उचलली की सिनेमाच पुन्हा लागलाय असं वाटतं. ‘नाट्यप्रयोग’ हा शब्द ठळक ठेवा, नावाआधीचं ‘संगीत’ गाळू नका.

श्रेयनामावलीत नाटककार सहसा सुटत नाही, संगीतकार सुटतो. ‘मानापमान’ खाडिलकरांचं, हे सगळे छापतात. पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे मात्र गायब. ‘स्वयंवर’ करणाऱ्यांनी भास्करबुवा बखल्यांचं नाव असंच तपासावं. लोक ज्या चालींसाठी येतात, त्या बांधणाऱ्याचं नाव नसणं मला खरोखर लागतं. आजच्या साथीदारांचंही तेच. ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, हे वाचून तिकीट काढणारे रसिक आहेत. साथ प्रत्यक्ष असेल तर तसं स्पष्ट छापा. ध्वनिमुद्रित असेल तर मोघम लिहून फसवू नका.

‘मूळ संहितेसह’ असंही सरसकट छापू नये. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदं आहेत, पूर्वीचे प्रयोग रात्रभर चालत. तुम्ही तीन तासांचा प्रयोग करत असाल तर ‘संपादित रंगावृत्ती’ म्हणा, ती कुणी केली ते लिहा आणि वेळही द्या. शेवटची लोकल गाठायची असलेला माणूस ती ओळ आधी वाचतो.

नाट्यगृहापुढे शहर हवंच. आचार्य अत्रे रंगमंदिर कल्याणला आहे आणि पिंपरीतही. दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह विलेपार्ल्यात आहे, पणजीच्या कला अकादमीतही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरला गावाची हद्द नसते. तारखेसोबत वार लिहा, ‘दु. ४’ की ‘सायं. ४’ हा घोळ एकदाच मिटवा.

आता अक्षरांचं दुखणं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ‘संगीत’ बरोबर दिसतं, पण ‘दिग्दर्शन’ची ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षर फुटतं. फॉन्ट बदलत बसण्याआधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) निवडा. युनिकोड फॉन्ट असेल तर बहुतेक वेळा तिथेच सुटतं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर तो आधी रूपांतरित करावा लागतो, आणि नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावीच लागते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. नाव रुंद दिसायला हवं असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या. ओळी फार जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. छापखान्यात देताना फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, बदलून एक नमुना छापून पाहा, कारण पडद्यावरचा झगमगता राणी रंग कागदावर हमखास मळकट उतरतो.